उसना राग

पुण्यामुंबईच्या मोठ्या सभागृहांत टाळ्या वाजणं जवळजवळ बंद झालं होतं. कुणी मनाई केली नव्हती, गरजच उरली नव्हती. रंगमंचामागची सगळी भिंत म्हणजे एक पडदा असायचा आणि त्या पडद्यावर प्रत्येक श्रोत्याचा एक प्रकाशाचा ठिपका. गायक समेवर आला आणि श्रोत्यांच्या काळजाला ती सम लागली की हजार ठिपके एकदम उजळायचे. गायकाला कळायचं, शेजारच्याला कळायचं. मग हात कशाला बडवायचे?

या पडद्याला स्पंदनपट म्हणत. ज्या गावात स्पंदनपट नाही तिथे जायला नामवंत गायक खळखळ करू लागले होते. श्रोत्यांचंही तसंच झालं होतं. एखाद्या साध्या मैफलीला गेलेली माणसं अर्ध्यातून उठून यायची आणि विचारलं तर सांगायची, गाणं वाईट नव्हतं, पण आपल्याला आवडतंय की नाही ते नीट कळेना.

ऋजुता नाईकनवरे या पटांची आखणी करायची. शिक्षण रेडिओलहरींचं, कान गाण्याचा. एखाद्या सभागृहात पट बसवायचा ठरला की ती आधी आठवडाभर त्या रिकाम्या जागेत वावरायची. खांब कुठे आहेत, सज्जा किती पुढे आलाय, छत पत्र्याचं की सिमेंटचं, माणसांनी भरल्यावर कुठल्या कोपऱ्यात लहरी पोचणार नाहीत, हे सगळं बघून ती भिंतींवर खडूने फुल्या मारायची. त्या फुल्यांवर पुस्तकाएवढी खोकी बसायची. खोक्यांना तार नाही, खुर्चीला तार नाही, श्रोत्याच्या अंगाला काही नाही.

सांगलीचं सभागृह तिला अवघड गेलं. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या जागेवर बांधलेलं, वर जुनाच पत्रा ठेवलेला. पत्र्यावरून लहरी उसळून कुठेही जायच्या. तिची ही झटापट चालू असताना एके दुपारी सुलक्षाताई मोरजकर तिथे येऊन बसल्या. उद्घाटनाची मैफल त्यांची होती. मूळच्या गोव्याच्या, साठी ओलांडलेल्या, अनवट रागांच्या गायिका म्हणून जाणकारांत मोठं नाव. पटापुढे त्या आजवर गायल्या नव्हत्या. ऋजुता त्यांना कॉलेजात असल्यापासून ऐकत आली होती.

"मला एक सांग गो," ताई म्हणाल्या, "माझ्या छातीला काही लावलेलं नाही, हातात काही बांधलेलं नाही. मग त्या भिंतीला माझं काळीज कसं कळतं?"

ऋजुता शिडीवरून खाली उतरली. "ताई, हे सभागृह म्हणजे पाण्याने भरलेला हौद आहे असं समजा. हौदात गळ्याइतक्या पाण्यात स्तब्ध उभं राहून नुसता श्वास घेतला तरी पाणी हलतं ना? इथे पाण्याच्या जागी रेडिओलहरी आहेत. घरातल्या वायफायच्या असतात तशाच. श्वासाबरोबर छाती थोडी वरखाली होते. काळजाच्या ठोक्याबरोबर त्याहून कितीतरी कमी, केसाएवढी. लहर तुमच्यावर आपटून परत येते ती तेवढा फरक घेऊन येते. ही खोकी तो फरक टिपतात."

"आणि हजार माणसं एका हौदात उतरली की?"

"तो गुंता संगणक सोडवतो. कुठला हेलकावा कुणाचा ते त्याला ओळखता येतं."

तिने पट सुरू केला. काळ्या भिंतीवर दोनच ठिपके उमटले. ताईंनी हात वर केला तसा त्यांचा ठिपका थरथरला. त्यांना हसू आलं. पुन्हा हात वर केला, पुन्हा हसल्या.

"मग याला माझं मन कळतं म्हणायचं."

"मन नाही कळत. शरीर कळतं. श्वास खोल आणि संथ असेल, ठोके त्याच्या लयीत असतील, तर निळा. उत्तेजित असेल तर केशरी. लक्ष उडालेलं, चुळबुळ चाललेली, तर राखी."

"राखी दिसतं कधी?"

"दिसतं."

ताई उठून त्या दोन ठिपक्यांच्या जवळ गेल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी लोक कंटाळले तर खोकायचे. तेवढं ऐकू नाही आलं असं दाखवता यायचं."

उद्घाटनाच्या संध्याकाळी त्यांनी ललितागौरी घेतला. गाणाऱ्याची परीक्षा बघणारा आणि ऐकणाऱ्यालाही जरा थांबायला लावणारा राग. आलाप सुरू होऊन थोडा वेळ गेला असेल, उजव्या कोपऱ्यातले सात-आठ ठिपके राखी झाले. त्यात काही विशेष नव्हतं. पण शेजारच्यांनी ते पाहिलं. पटाकडे बघता बघता त्यांचंही लक्ष गाण्यावरून उडालं, त्यांचेही ठिपके मावळले. ते मागच्या रांगांनी पाहिलं. कापडावर सांडलेलं पाणी पसरत जावं तशी राख भिंतभर पसरत चालली.

ताईंच्या समोर जमिनीवर त्याच पटाची एक छोटी प्रत असायची, गायकासाठी. मागच्या काचेच्या खोलीत बसलेल्या ऋजुताला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. एक जागा चुकली. त्यांनी ती पुन्हा घेतली, पुन्हा चुकली. डोळे त्या प्रतीवरून हलेनात. ज्या बाईला आपण इतकी वर्षं ऐकलं, तिचं गाणं आपणच लावलेल्या भिंतीवर मरताना बघावं लागतंय, एवढं एकच ऋजुताच्या मनात होतं.

तिच्या संगणकात पुण्यातल्या एका मैफलीची नोंद पडून होती. दिवे तपासायला ठेवलेली. निळ्याशार समुद्रासारखा तो पट होता. तिने खरा पट काढून त्या जागी तो हळूहळू चढवला.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग कोपऱ्यातला एक ठिपका निळा झाला, मग रांग, मग अर्धी भिंत. निळा रंग फुलायचा, विरायचा, पुन्हा फुलायचा. खरे आकडे आता फक्त ऋजुताला दिसत होते, आणि तिने जे पाहिलं त्याची तिने कल्पनाही केली नव्हती. खरेही ठिपके निळे होऊ लागले होते. आधी तुरळक, मग झपाट्याने. तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी डोळे पुसले. ताईंचा आवाज सावरला, मोकळा झाला, आणि त्या गायल्या. अशा गायल्या की ऋजुतालाही गहिवरून आलं.

यात जादू काही नव्हती. आईच्या कुशीतल्या तान्ह्या मुलाचा श्वास आईच्या श्वासाशी जुळतो. शेजारच्याने जांभई दिली की आपल्याला येते. समोर एखादा उजेड संथपणे फुलत आणि विरत असेल तर आपला श्वास नकळत त्याच्या लयीत पडतो. श्वास बदलला की काळजाचे ठोके बदलतात, आणि ठोके बदलले की मन त्याला नाव शोधतं. माणूस समजतो की मला भरून आलं म्हणून माझी छाती जड झाली. पुष्कळदा छाती आधी जड होते आणि मागाहून मनाला वाटतं की भरून आलं. आरसा आहे म्हणून बसवलेली वस्तू बघणाऱ्याचा चेहराच घडवू लागली होती.

मैफल संपल्यावर ताईंनी ऋजुताला पोटाशी धरलं. "आता मेले तरी चालेल बघ," त्या म्हणाल्या. ऋजुताने मान खाली घातली. लोकांना वाटलं, तिलाही रडू आलंय.

पट बनवणाऱ्या कंपनीचे संचालक निरंजन कोठावळे यांनी त्या मैफलीची नोंद पुण्यात बसून तपासली आणि ऋजुताला बोलावून घेतलं. तिने राजीनामा लिहूनच नेला होता. कोठावळ्यांनी तो उघडूनही बघितला नाही.

"तू काय शोधून काढलंयस कळतंय का तुला?" ते म्हणाले.

"मी खोटं दाखवलं, सर."

"मिनिटभर खोटं होतं. पुढचा सगळा वेळ ते खरं होतं. त्या माणसांचे ठोके खरे, अश्रू खरे. तानपुरा काय करतो? गाणाऱ्याला सूर धरून देतो. हे ऐकणाऱ्याला धरून देईल. आपण याला 'साथ' म्हणू."

"लोकांना सांगणार आहोत का?"

"सांगितलं तर चालेल का ते?" त्यांनी शांतपणे विचारलं. याचं उत्तर ऋजुताला ठाऊक होतं. पडद्यावरचा पट उसना आहे हे कळलं तर कुणाचाही श्वास त्याच्यामागे गेला नसता. तिने वाद घातला, बराच घातला. पण तिच्या डोळ्यांपुढे राखी भिंतीसमोर बसलेल्या ताई येत राहिल्या आणि तिचं बोलणं लंगडं पडत गेलं. शेवटी ठरलं की साथ फक्त अगदी अडचणीच्या वेळी वापरायची आणि कधी ते ऋजुताने ठरवायचं. त्या अटीवर ती समाधान मानून परतली.

द्राक्षांचा हंगाम सरता सरता शहराबाहेरच्या एका शीतगृहात अपघात झाला. तिथे बेदाणा साठवत. गारवा ठेवायला यंत्रात अमोनिया वायू असतो. त्याची नळी फुटली, तेव्हा आत बायका बेदाणा निवडत बसलेल्या. वायू गळला की बोंबलणारा भोंगा तिथे होता, पण तो उगाच वाजतो म्हणून कुणीतरी बंद करून ठेवला होता. चौदा जणी गेल्या.

शीतगृहाच्या मालकाने सभागृहात श्रद्धांजलीची मैफल ठेवली. गाणार सुलक्षाताई. मेलेल्या बायकांच्या घरच्यांना पुढच्या रांगा. गावात सगळ्यांना माहीत होतं की ही माणसं गाणं ऐकायला येणार नाहीयेत. मालक अपघातापासून कुणाला भेटलाच नव्हता, इथे तो समोर येणार होता.

कोठावळे स्वतः आले होते. मैफल सुरू व्हायच्या आधी ते काचेच्या खोलीत ऋजुताच्या शेजारी येऊन बसले. दोघांनी पट पाहिला. इतक्या वर्षांत ऋजुताने असा पट पाहिला नव्हता. पुढच्या रांगा केशरीच्याही पलीकडे, संतापाने गडद लाल, मध्येच काळपट, आणि ते ठिपके एकमेकांना धडकल्यासारखे धडधडत होते.

"बाहेर पोलीस उभे आहेत," कोठावळे म्हणाले. "मालक मंचावर आला की ही माणसं उठणार. पोलीस आत येणार. मागचं दार एक, पुढची दारं अरुंद, आत म्हातारी माणसं, पोरंबाळं. तू या जागेचा नकाशा माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. काय होईल सांग."

ऋजुता खरंच ओळखत होती. चेंगराचेंगरी कुठल्या खांबापाशी सुरू होईल हे तिला बसल्या जागी दिसत होतं.

"त्यांना राग यायला कारण आहे, सर."

"आहे. उद्या येऊ दे राग. परवा येऊ दे. फक्त आज, या बंद जागेत नको. तुला अजून चार मुडदे बघायचे असतील तर माझं काही म्हणणं नाही."

तिने पुण्याचा निळा पट लावला.

ताईंचा त्या दिवशी घसा बसला होता. आवाज फाटत होता, दोनदा सूर सुटला. तरीही निळा रंग भिंतीवर फुलत राहिला, विरत राहिला. ऋजुताला खरे ठिपके दिसत होते. लाल रंग तांबूस झाला, मग जांभळा. मालक मंचावर आला. तिसऱ्या रांगेतली एक बाई ताडकन उठून उभी राहिली. तिने तोंड उघडलं. तिच्या मागचे आठ-दहा जण उठायच्या बेतात होते. बाई तशीच उभी राहिली, पटाकडे बघत. तिचे खांदे सैल झाले. मंचावर चौदा फोटो मांडलेले होते आणि मालक हार शोधत होता. ती बाई पायऱ्या चढून वर गेली, ताटातला हार उचलला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो एका मुलीच्या फोटोला घातला. सगळं सभागृह रडत होतं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी लिहिलं, शोकाकुल कुटुंबांनी मन मोठं केलं.

ताई मात्र त्याच संध्याकाळी काचेच्या खोलीत आल्या. "आज मी बेसूर होते," त्या दारातूनच म्हणाल्या. "माझं मला कळतं. मग लोक कशाने रडले?"

ऋजुताने सगळं सांगितलं. ताई ऐकत होत्या. चिडल्या नाहीत. फक्त शेवटी विचारलं, "आणि ललितागौरी?"

"तेव्हाही," ऋजुता म्हणाली.

"बरं," ताई म्हणाल्या. त्यांनी शालीचं टोक खांद्यावर ओढून घेतलं आणि भिंतीला धरून धरून जिना उतरल्या. त्यानंतर त्या लोकांपुढे गायल्या नाहीत. घरीही तानपुरा काढत नाहीत, असं त्यांच्या शिष्यांकडून ऋजुताच्या कानावर आलं.

ती हार देणारी बाई पाऊस सुरू व्हायच्या सुमारास सभागृहात आली. दुपारची वेळ होती, ऋजुता एकटीच खोकी तपासत होती.

"पडद्याचं काम बघतासा त्या मॅडम तुम्हीच न्हवं?" बाईने विचारलं. "मी कोमल बनसोडे. माझी तन्वी गेली त्यात. तासगाव रोडला, शीतगृहात."

ऋजुताने खुर्ची पुढे केली. बाई बसली नाही.

"मी त्या दिशी ठरवून आलेले. मालक वर आला की उठायचं आन् इचारायचं, भोंगा का बंद ठिवला. चार दिस तेवढंच घोकत हुते. उठले. आन् मग मला काय झालं कळंना. आत सगळं गार पडलं. वाटलं, कशाला भांडायचं, गेली ती गेली. आन् मी त्येच्या हातात हार दिला, मॅडम. माझ्या हातानं."

"कोमलताई..."

"ऐका तरी. घरला गेले. म्हटलं, दोन दिसानं येईल राग. न्हाई आला. तन्वीचा फोटो काढते, तिचं कपडं काढते, छातीशी धरते. नुसतं गार. बरं वाटतं, खरं सांगते, बरं वाटतं बघा. पोरीचा फोटो बघून आईला बरं वाटाय लागलं तर ती आई कसली? नवरा बोलत न्हाई माझ्याशी. म्हणतो, किती घेतलंस मालकाकडनं. कुणीतरी म्हणलं, त्या पडद्यात काय तरी असतंय. म्हणून आले."

असं होईल हे ऋजुताच्या ध्यानीमनी नव्हतं. पण ऐकताच तिला ते का झालं ते कळलं. आठवण म्हणजे डब्यात ठेवलेला दागिना नसतो, की काढला, पाहिला आणि होता तसा परत ठेवला. प्रत्येक वेळी बाहेर काढली की आठवण ओल्या मातीसारखी मऊ होते, आणि परत वाळताना त्या घटकेला मनात जे असेल ते तिच्यात मिसळून जातं. त्या संध्याकाळी या बाईने लेकीची आठवण संतापाने उघडली होती. मऊ झालेल्या आठवणीत पुण्याच्या अनोळखी माणसांचं समाधान कालवलं गेलं आणि तसंच वाळलं. आता ती जितक्या वेळा फोटो काढेल तितक्या वेळा ते घट्ट होत जाणार होतं. उद्या येऊ दे राग, परवा येऊ दे, असं कोठावळे म्हणाले होते. उद्यासाठी तो शिल्लकच राहिला नव्हता.

तिने हे बाईला समजेल अशा शब्दांत सांगितलं. काही लपवलं नाही, बटण आपण दाबलं हेही नाही. तिला वाटलं होतं, बाई आपल्या अंगावर धावून येईल. तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. कोमलने नुसती मान हलवली.

"म्हंजे माझा राग तुम्ही नेला."

"हो."

"मग परत द्या. चौकशी लागलीया. सोमवारी माझी साक्ष हाय. मला तितं अशी गार उभी न्हाई ऱ्हायचं."

ऋजुताने संगणकातल्या नोंदी उघडल्या. कोमलचा राग परत देता येण्याजोगा कुठेच नव्हता. त्या संध्याकाळच्या लाल ठिपक्यांची नोंद कोठावळ्यांनी दुसऱ्याच दिवशी पुसून टाकली होती. संगणकात संतापाचा एकच पट होता. पुण्यात कॉलेजच्या पोरांचा एक कार्यक्रम होता, त्यात तिकिटं काढून बसलेल्या पोरांना गायक येणार नाही असं ऐनवेळी सांगितलं गेलं आणि त्यांनी खुर्च्या मोडल्या, तेव्हाचा.

हे कोमलला सांगावं असं तिला वाटलं. पण सांगितलं तर तो लागू पडणार नव्हता.

"बसा," ती म्हणाली. "समोर बघत राहा. मनात तन्वीला आणा."

दिवे मंद झाले. पडद्यावर लाल ठिपके उसळले, मागे हटले, पुन्हा उसळले. कोमलचा श्वास आधी अडखळला, मग जोरात चालू लागला. तिच्या मुठी वळल्या. मानेच्या शिरा ताठ झाल्या. "भोंगा बंद ठिवला," ती पुटपुटली, मग मोठ्याने म्हणाली, मग ओरडली. पत्र्याखालच्या त्या मोकळ्या जागेत तिचा आवाज घुमला. ती रडत होती आणि हसतही होती.

"आला, मॅडम. ह्योच. ह्योच हुता माझा."

ऋजुताने पट बंद केला. तिचीही कानशिलं तापली होती, दात आवळलेले होते. हा कोठावळ्यांवरचा संताप आहे, स्वतःवरचा आहे, की नुसतीच पडद्यासमोर उभी राहिल्यामुळे चढलेली झिंग, हे तिला ठरवता येईना. दोन्ही हातांनी तोंड झाकून ती थोडा वेळ बसली. कोमल तोवर निघून गेली होती.

सोमवारी ऋजुता साक्षीच्या ठिकाणी गेली. एका शाळेच्या सभागृहात चौकशी चालू होती. आपलंही म्हणणं नोंदवून घ्या म्हणून तिने आधीच विनंती केली होती. चौकशी अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे विषय अमोनियाचा आहे. गाण्याच्या कार्यक्रमाचं आम्ही काय करणार?" ती मागच्या बाकावर जाऊन बसली.

कोमलचं नाव पुकारलं. ती तरातरा पुढे गेली. मालक वकिलाशेजारी बसला होता, त्याच्याकडे बोट करून तिने सुरुवात केली. भोंगा महिनाभर बंद होता. बायकांनी दोनदा सांगितलं होतं. मुकादम म्हणाला, वाजला की माल निवडायचा थांबतो. तन्वीने घरी येऊन सांगितलं होतं की डोळे चुरचुरतात. तिचा आवाज कडाडत होता, लिहून घेणाऱ्याचा हात तिच्या मागे धावत होता. मालकाने घाम पुसला. चुळबुळ करणारे लोक थांबून ऐकू लागले. ऋजुताला वाटलं, उसना असला म्हणून काय झालं, कामाला तर आला.

"मग मी तिला म्हणलं," कोमल म्हणाली, "जाऊ नगं उद्या. तर ती म्हणली, आई..."

ती थांबली.

गायक आला नाही म्हणून भडकलेल्या पोरांचा तो राग, त्याचा दम तो किती! तो तिथेच संपला. बोट अजून मालकाकडे रोखलेलं होतं, पण हातातलं बळ गेल्यासारखं ते हळूहळू खाली आलं. चेहऱ्यावरचा आवेश ओसरला. निळी शांतता परत येत होती की तीही येत नव्हती, हे बाकावरून कळत नव्हतं.

"बोला, बाई," अधिकारी मऊपणे म्हणाले. "काय म्हणाली तुमची मुलगी?"

कोमल त्यांच्याकडे बघत नव्हती. तिची नजर त्यांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेली. पांढरा चुना, एक बंद पडलेलं घड्याळ. मग डावीकडच्या भिंतीवर, मग उजवीकडच्या. ती सावकाश गोल फिरली. सगळे लोक तिच्याबरोबर त्या कोऱ्या भिंतींकडे बघू लागले.

"काही शोधताय का?"

"व्हय, सायेब," ती म्हणाली. "जरा थांबा. मला काय वाटतंय ते कुटं दिसंना."